एकोणतीसच्या पाढ्यावर गोमुख

कुंदाकाकूंचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर मी गोमुखाला गेलोच नसतो, किंवा गेलो असतो आणि वर कुठेतरी दगडाला टेकून बसून राहिलो असतो. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत त्या राहतात. मुलींच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला. त्यांच्या घराण्याला काशीत येऊन इतक्या पिढ्या झाल्या आहेत, की मूळ गाव कोणतं यावर घरात अजून भांडण होतं. तरुणपणी सुट्टी लागली की त्या हिमालयात पायी फिरायला जायच्या. आता गुडघे गेले. घाटावर उतरतात त्या भिंतीला हात लावत, आणि वर चढताना प्रत्येक टप्प्यावर थांबून ओळखीच्या माणसाला दोन शब्द सुनावत, म्हणजे थांबण्याचं कारण विचारायला कुणी धजत नाही.

मी पाटण तालुक्यातला. सातवी झाल्यावर शाळा सुटली. वडील गावात पिठाची गिरण चालवायचे आणि त्यांना दमा होता. शेवटी शेवटी ते पाठीला उशी लावून बसूनच झोपत. श्वास घेताना त्यांच्या घशातून बारीक शिट्टी यायची. ते गेल्यावर गिरणीवर मी उभा राहिलो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी आलो की आई माझ्या छातीकडे बघायची, तोंडाकडे नाही. गिरण बंद पडली तेव्हा तिला बरंच वाटलं असावं. गावातल्या एकाच्या ओळखीने मी काशीला आलो आणि रामघाटावर मराठी यात्रेकरूंच्या धर्मशाळेत स्वयंपाकाला लागलो. गाडीत बसताना आई एवढंच म्हणाली, "जपून राहा. तुझी छाती बापाची आहे."

हे वाक्य मी बरोबर घेऊन आलो. काशीत काही वाईट नव्हतं. शेजारच्या वेदपाठशाळेतल्या मुलांचं घोकणं ऐकत सकाळी डाळ चढवायची, दुपारी घाटावर अंग टाकायचं. पण जिना चढताना जरा धाप लागली की मी कान देऊन ऐकायचो, शिट्टी येते का.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा एकच एसटीडी बूथ होता आणि हिमालयाचा तो सगळा भाग उत्तर प्रदेशातच मोडायचा. पटवर्धन नावाचे एक साहेब बँकेच्या बदलीवर पुण्याहून आले होते. एकटेच राहत, जेवायला आमच्याकडे येत. वरणावर तूप ओतता ओतता ते डोंगरांच्या गोष्टी सांगायचे. एका रविवारी म्हणाले, "या उन्हाळ्यात तपोवन. गोमुखाच्या वर, हिमनदी ओलांडून. येतोस का दत्तोबा?"

मी वाढता वाढता थांबलो आणि म्हणालो, "येतो."

का म्हणालो ते सांगतो. आईला गंगेच्या उगमाचं पाणी हवं होतं, हे खरं कारण. त्याहून खरं कारण असं, की छाती कुणाची आहे हे मला एकदाचं बघायचं होतं. उन्हाळ्यात यात्रेकरू कमी होतात, रजा मिळण्यासारखी होती. मी ठरवून टाकलं.

काकूंना मी भाजी नेऊन द्यायचो. त्यांना सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या.

"तपोवन? कुणी ठरवलं?"

"पटवर्धन साहेबांनी."

"पटवर्धनांनी पटवर्धनांसाठी ठरवलं. तुझ्यासाठी कुणी सोचलं?" त्यांनी मटारांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "बस. हे सोल आणि वडिलांचं सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. आठवड्याच्या आत त्यांनी मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे नेलं. ती डॉक्टर होती. तिने पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, गिरणीची धूळ थोडी बसली आहे, चालणं चांगलं, शर्यत नको. किती उंच गेलेलं चालेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते मी इथून कसं सांगू? बाईंना विचारा, त्या डोंगरातल्या डॉक्टर."

काकूंनी शाळेतला जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि कोपऱ्यांवर चार बटाटे ठेवले. मला वाटत होतं, केदारनाथचा रस्ता सगळ्यांत सोपा. म्हातारी माणसंसुद्धा जातात. काकूंनी मान हलवली. "तिथे गर्दी आहे म्हणून तो सोपा वाटतो. एका दिवसात अंगाला केवढं उंच नेतो बघ. तुझ्या छातीला सवय व्हायला वेळच देत नाही." मग त्यांचं बोट गंगोत्रीवर आलं. "हा रस्ता लांब आहे, पण हळूहळू चढतो. मधे चीडबासा, मग भोजबासा. भोजबासाला डोक्यावर छप्पर मिळतं. आणि मोठी बात ही, की कुठूनही मागे फिरता येतं. गोमुखापर्यंत तुझा रस्ता." बोट जरा पुढे गेलं. "इथून वर तपोवन. मोकळे दगड, खाली बर्फ, मग उभी चढण. वर तब्येत बिघडली तर उतरायला तीच भिंत. कळलं?"

"पण साहेब म्हणतात, गोमुखाहून काही तासांचं काम आहे."

"साहेबांच्या पायांनी."

मी नकाशावरचा एक बटाटा उगाच फिरवत बसलो. मला राग आला होता, हे त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माझं ऐकू नकोस. तुझ्या श्वासाचं ऐक. एखादं स्तोत्र येतं का?"

"नाही."

"काशीत राहून?"

"शेजारची मुलं म्हणतात ते कानावर पडतं. मला फक्त पाढे येतात. तीसपर्यंत."

"मग पाढे म्हण. पर्वताला काय पडलंय?"

अशी माझी तयारी सुरू झाली. पंचगंगेवर पाण्याने कळशी भरायची, खांद्यावर घ्यायची आणि मंगला गौरीपर्यंतच्या उभ्या पायऱ्या पाढा म्हणत चढायच्या, मोठ्याने. काकू वर कठड्याशी उभ्या राहून ऐकायच्या. त्यांचा नियम साधा होता. चालताना पाढ्याची एक ओळ एका श्वासात पुरी व्हायला हवी. ओळ तुटली तर चाल कमी करायची. चाल कमी करूनही तुटली तर बसायचं. बसल्यावरही तुटली तर खाली उतरायचं. "मग वर साक्षात विश्वेश्वर उभा असला तरी."

पहिल्या दिवशी मी बेच्या पाढ्याला निम्म्यातच गार झालो. खाली नाव बांधत असलेला एक मल्लाह (नावाडी) रोज बघायचा. त्याने विचारलं, "का गुरू, इम्तहान हौ का?" (काय महाराज, परीक्षा आहे का?)

मी म्हटलं, हो.

"पास हो जइबा, त मिठाई खियइहा." (पास झालात तर मिठाई खायला घाला.)

त्यानंतर तो रोज विचारायचा, आज कितीचा. घाटावर स्नानाला येणारी मराठी मंडळीही ओळखायला लागली. एक आजोबा सकाळी संध्या करता करता माझी चूक दुरुस्त करायचे. होळी झाली, उन्हं चढली, लू (उन्हाळी झळा) सुटायला लागली. अवघड पाढ्यांना ओळी लांब, म्हणून काकूंनी शेवटी एकोणतीस पक्का केला. ज्या सकाळी मी भरली कळशी घेऊन एकोणतीसचा पाढा एकही ओळ न तोडता वर आणला, त्या सकाळी काकू एवढंच म्हणाल्या, "आता जा. पण गंगोत्रीत एक दिवस नुसता बसायचंस. पटवर्धन कितीही फडफडले तरी."

मल्लाहाला पेढे दिले. तो म्हणाला, अजून निकाल कुठे लागलाय, आणि दोन पेढे खाल्ले.

वैशाख संपता संपता आम्ही निघालो. रेल्वेच्या खिडकीतून तापलेली हवा आत येत होती आणि ओला पंचा तोंडावर घेऊन मी बसलो होतो. पटवर्धन साहेबांनी माझ्या पिट्ठूतलं (पाठीवरच्या पिशवीतलं) सामान बघितलं आणि हसायला लागले. तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं, एक पातेलं. "दत्तोबा, आपण लग्नाला चाललो नाही."

"वर वरण-भात मिळाला तर तुम्हीच नाव काढाल," मी म्हणालो.

हरिद्वार, हृषीकेश, आणि तिथून बस. बसचा पहिला दिवस मी खिडकीबाहेर तोंड काढून घालवला. पोटात काही राहिलं नाही. एका वळणावर दरड आली होती, तिथे सगळे उतरून दगड बाजूला करणाऱ्यांना सल्ले देत उभे राहिले. उत्तरकाशीला उतरलो तेव्हा पाय जमिनीवर असूनही वळत होते. तिथल्या खानावळीत एका बाईने तव्यावरून काळपट भाकरी काढून दिली. मडुआ म्हणाली. मी एक तुकडा मोडला आणि ओळखलं, नाचणी. इतक्या लांब, देवभूमीत म्हणतात तिथे, आमच्या घरची भाकरी. मी म्हटलं, "हमारे गाँव में यही खाते हैं." तिने विचारलं, पहाडात आहे का तुमचं गाव? मी हो म्हणालो. आमच्या सह्याद्रीला तिने त्या दिवशी नातेवाईक करून घेतलं आणि मला भाकरीवर लोण्याचा गोळा जास्तीचा मिळाला.

गंगोत्रीला पोहोचलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. काशीत शांत, रुंद, हिरवट दिसणारी गंगा इथे पांढरी होऊन खडकांवर आपटत होती. तिचा आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. दुसऱ्या दिवशी पटवर्धन साहेब पहाटेच बूट घालून उभे राहिले.

"आज बसायचं," मी म्हणालो.

"इथे? काय करायचं बसून? आरत्या?"

"काकूंनी सांगितलंय."

"अरे, तू काकूंबरोबर आलायस की माझ्याबरोबर?"

"काकूंबरोबर," मी म्हणालो. त्यांनी बुटांचे बंद सोडले. तो दिवस देवदारांच्या सावलीत गेला. साहेबांनी तेवढ्यात एक वाटाड्या ठरवला, बिष्ट नावाचा, थोडं बोलणारा माणूस.

मग चालणं. वाट नदीला धरून होती, फार चढाची नाही. काकूंनी म्हटलं होतं तशीच, शांतपणे वर नेणारी. मी पुटपुटत चाललो होतो. पटवर्धन साहेब पुढे जायचे, वळणावर थांबायचे, मी दिसलो की विचारायचे, "कितीवर आलं?" चीडबासाला चहा घेतला. काकू तरुणपणी इथूनच परत फिरल्या होत्या. बरोबरची मैत्रीण आजारी पडली आणि त्या तिला घेऊन खाली उतरल्या. पुढे कधी जमलं नाही. चहाच्या टपरीवर बसून मी समोरची शिखरं बघितली आणि त्यांना इथून मागे वळताना काय वाटलं असेल, याचा विचार केला. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "माझं चीडबासाच्या पुढचं राहिलं."

भोजबासाला संध्याकाळच्या आत पोहोचलो. एका साधूंच्या आश्रमात जागा मिळाली. ओळ दोनदा तुटली होती, पण चाल कमी केल्यावर जुळली होती. मी खूश होतो. म्हटलं आता साहेबांना दाखवू. चूल मागून घेतली, पातेलं चढवलं आणि डाळ टाकली.

पाण्याला चटकन उकळी आली. एवढ्या थंडीत इतक्या लवकर उकळी, मला कौतुक वाटलं. डाळ नाचायला लागली. मी आमसूल, मसाला काढून तयार ठेवला. थोड्या वेळाने दाणा चेपून बघितला. कडक. पुन्हा थांबलो. पुन्हा कडक. पाणी घातलं, जाळ वाढवला, पाणी धो धो उकळत होतं आणि डाळ होती तशी. यात्रेत शेकडो पानं उठवणारा मी, एका पातेल्यापुढे हात टेकून बसलो. आश्रमातले बाबा बाजूला माळ ओढत होते, ते म्हणाले, "कूकर लाए हो?"

"नहीं."

"तो सुबह तक बैठो. यहाँ पानी उबलता जल्दी है, गरम उतना होता नहीं."

पटवर्धन साहेब हसून हसून आडवे झाले. शेवटी बाबांनी दिलेली खिचडी खाल्ली. ती त्यांच्या कुकरमधली होती.

सकाळी आम्ही तिघे गोमुखाकडे निघालो. वाट आता दगडांची झाली. आणि मग समोर हिमनदीचं तोंड आलं. मी पांढरंशुभ्र काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. प्रत्यक्षात राखाडी, मातीने माखलेली बर्फाची भिंत होती, तिच्यात निळसर गुहा, आणि त्या गुहेतून गंगा बाहेर पडत होती. मधेच बर्फाचा तुकडा सुटून पाण्यात पडायचा. मी चप्पल-बूट काही न काढता नुसता उभा राहिलो. आईसाठी पाणी भरायची लोटी कमरेला बांधलेली होती, ती सोडायचीही आठवण राहिली नाही.

पटवर्धन साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "बघ, इथवर आलास. चेहरा चांगला आहे तुझा. चल आता वर."

मी बिष्टकडे बघितलं. तो म्हणाला, "चल जाएगा. धीरे-धीरे."

मला जायचं होतं. खरंच फार जायचं होतं. आईला, मल्लाहाला, घाटावरच्या आजोबांना, सगळ्यांना मी मनात तपोवनहून परत आलेला दिसत होतो. मी निघालो. मोकळ्या दगडांवर पाऊल टाकलं की दगड सरकायचा. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक... ओळ तुटली. चाल कमी केली. पुन्हा तुटली. एका मोठ्या दगडावर बसलो. साहेब थांबले.

"बोल, घाई नाही," ते म्हणाले.

एकोणतीस एके. मी थांबलो, कारण पाढ्याच्या मागून आवाज आला. बारीक शिट्टी. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. भिंतीपलीकडून ऐकलेला तो, आता माझ्या घशातून येत होता.

घाबरलो, हे लपवत नाही. पण पहिल्यांदा डोळ्यांपुढे वडील आले नाहीत, आदल्या संध्याकाळचं पातेलं आलं. माझा श्वास असाच जोरात उकळत होता आणि आत काही शिजत नव्हतं. जाळ वाढवून उपयोग नव्हता, आदल्या दिवशी वाढवून बघितला होता.

"मी उतरतो," मी म्हणालो.

"अरे, पाच मिनिटं बस, होईल."

"साहेब, बसूनच तुटलीय."

त्यांना नियम पाठ झाला होता. बिष्टला थांबायला सांगून त्यांनी मला स्वतः सपाटीपर्यंत उतरवलं, भोजबासाला परतणाऱ्या एका कुटुंबाच्या हवाली केलं आणि म्हणाले, "आश्रमात जेवून घे. कुकर नाही म्हणून उपाशी राहू नकोस." मग वळून चढायला लागले. बराच वेळ मला त्यांची निळी टोपी दगडांत दिसत होती. त्यांची चाल चांगली होती. तो रस्ता त्यांचा होता.

ते कुटुंब निघेपर्यंत मी पाण्याकाठी बसून राहिलो. शिट्टी बारीक होत होत थांबली. लोटी भरली. हात बधिर झाले. मग मी एकोणतीसचा पाढा पहिल्यापासून म्हटला, हळू, नदीच्या आवाजात मलाही जेमतेम ऐकू येईल असा. दोनशे नव्वदपर्यंत. एकही ओळ तुटली नाही. छाती थोडी बापाची आहे, आई बरोबर होती. पण तिला घेऊन कुठवर जाता येतं ते आता मला माहीत होतं, आणि ते कमी नव्हतं.

साहेब दुसऱ्या दिवशी खाली आले, नाक सोललेलं, डोळे लाल, फार आनंदात. शिवलिंग शिखराच्या पायथ्याचं कुरण कसं आहे ते त्यांनी काशी येईपर्यंत सांगितलं आणि मी मन लावून ऐकलं. हेवा वाटला, थोडा. बसमध्ये या वेळी ओकारी झाली नाही.

काशीत उतरलो तर लू तशीच चालू होती. धर्मशाळेत पिशवी टाकून मी लोटी घेऊन मंगला गौरीला गेलो. निम्मं पाणी आईसाठी, निम्मं काकूंसाठी. काकूंनी लोटी हातात घेतली, हलवून बघितली.

"हे पाणी तर आपणहून इथे येणारच होतं. तू कशाला उचलून आणलंस?"

मग त्यांनी ते देवघरात ठेवलं आणि बराच वेळ तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा विचारलं, "कुठे तुटली?"

"गोमुखाच्या वर. जरासाच गेलो होतो."

"बसून?"

"बसून."

"आणि?"

"उतरलो."

"शाबास," त्या म्हणाल्या. तपोवनहून आलो असतो तरी तो शब्द मिळाला नसता, हे मला तेव्हाही कळलं. मी डाळीची गोष्ट सांगितली. त्या हसता हसता गुडघा धरून खाली बसल्या. "ते मी तुला आधी सांगायला हवं होतं. भूगोलात शिकवायचे मी ते."

मी सातवी शिकलेला माणूस. या उपकाराची फेड कशी करायची, हे मला मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. पण काकूंना झेपेल असा रस्ता मी बघून ठेवला आहे. गंगोत्रीपर्यंत बस जाते. तिथे दोन दिवस बसायचं, त्या कितीही फडफडल्या तरी. पुढे चीडबासापर्यंत घोडं मिळतं, आणि तेच घोडं भोजबासालाही जातं. लगाम मी धरीन. काकूंना स्तोत्रं येतात, त्यांनी ती मोठ्याने म्हणायची. ओळ तुटली तर मी त्यांना खाली आणीन, त्यांचं एक न ऐकता. आणि नाही तुटली, तर चीडबासाच्या पुढचं त्यांचं राहिलेलं मी एक दिवस त्यांना दाखवीन, आणि भोजबासाला त्यांच्या पानात गरम वरण-भात वाढीन. कुकर मी बरोबर नेणार आहे.